ओल्या भिंतीवर पॅनल आणि ४८ लाखांच्या कर्जावर १२ लाखांचा विमा

प्रश्न : दीड वर्षापूर्वी ऐरोलीत २५ वर्षं जुन्या इमारतीत रिसेल फ्लॅट घेतला. वय ४१, पत्नी गृहिणी, दोन मुलं. गृहकर्ज ४८ लाख, साडेआठ टक्क्यांनी. फॉल्स सीलिंग, हॉलमध्ये इटालियन मार्बल, बेडरूमच्या ओल आलेल्या भिंतीवर पीव्हीसी पॅनल असं ७ लाखांचं काम काढतोय. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी घ्यावं की टॉप-अप (चालू गृहकर्जावरच मिळणारं वाढीव कर्ज) साडेनऊने? फ्लॅटची किंमतही वाढेल. विम्याची काळजी नाही, कर्जासोबत बँकेने पॉलिसी दिली आहे : वर्षाला १.२ लाख, १२ वर्षं. कव्हर १२ लाख. पॉलिसीच्या विसाव्या वर्षी २४ लाख मिळतील. दोन हप्ते भरलेत.

उत्तर : टॉप-अप घ्या, पण पाच वर्षांतच फेडा. पंधरा वर्षं लांबवलंत तर ७ लाखांवर सहा लाखांहून जास्त व्याज जाईल.

मला घोर लागलाय तो पॉलिसीचा. तुमचं काही बरंवाईट झालं तर पत्नीच्या हाती १२ लाख येतील आणि देणं असेल ४८ लाखांचं. मुलांची शिक्षणं तर धरलेलीच नाहीत. याला काळजी नाही असं कसं म्हणता? गृहकर्जासाठी अशी पॉलिसी घेणं सक्तीचं नसतं. तुम्हाला तसं भासवलं असेल तर ते चूकच.

२४ लाखांचा आकडाही तपासू. भरणार १४.४ लाख, मिळणार वीस वर्षांनी. परतावा जेमतेम साडेतीन टक्के. इकडे कर्जाला साडेआठ टक्के मोजताय. पीपीएफसुद्धा ७.१ टक्के देतं! आधी एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, घ्या. निरोगी, तंबाखू न खाणाऱ्याला तुमच्या वयात वर्षाला साधारण वीस-पंचवीस हजार पडतात. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सोडा. सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत मिळणारी रक्कम, लेखी मागवा. तोटा होईल, पण अजून १२ लाख भरायचेत, ते वाचतील. उरलेले वर्षाला लाखभर गृहकर्जात टाका.

आता भिंत. पॅनलमागे ओल मरत नाही, बुरशी वाढते. बाहेरच्या प्लास्टरला तडे असतील तर तिरप्या पावसाचं पाणी आत झिरपतं आणि आतली पुट्टी, पीओपी फुगून पोपडे धरतात. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, म्हणून सचिवांना लेखी अर्ज द्या. १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. त्याचा अहवालही मागा. तडे भरून, प्लास्टर आणि बाहेरचा रंग झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. भिंत कोरडी राहिली तरच आतलं काम काढा.

मार्बल नकोच. लिंबू सांडलं तरी त्यावर डाग उठतो. व्हिट्रिफाइड टाइल लावा. आणि किंमत वाढण्याची आशा सोडा. रिसेलला गिऱ्हाईक कार्पेट एरिया आणि स्टेशनपासूनचं अंतर बघतं, तुमचं सीलिंग त्याला बदलायचंच असतं.

टर्म प्लॅनचा फॉर्म या आठवड्यात भरा. शुगर, बीपी, सिगारेट, काहीही लपवू नका. क्लेमच्या वेळी ते तुमच्या पत्नीला निस्तरावं लागेल.