सॉफ्टवेअरचा इंटरफेस पूर्ण बदलल्यावर जुन्या ग्राहकांचं ऑनबोर्डिंग, म्हणजे त्यांना नव्या रूपाची सवय लावणं, कसं करावं?

तुमचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आहे, दुकानदार ते वर्षानुवर्षं वापरताहेत, आता सगळ्या स्क्रीन नव्या होताहेत. पहिल्या लॉगिनला नव्या स्क्रीनची ओळख करून देणारी पाच-सहा पायऱ्यांची टूर दाखवली तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय.

टूर नकोच. ती मालकाला डेमोच्या वेळी आवडते, पण बिलं करणारा माणूस ‘पुढे, पुढे, पुढे’ दाबून ती घालवून टाकतो. काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना कोण वाचत बसणार? आयबीएममधले संशोधक जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी १९८७ मध्येच हे लिहून ठेवलंय: शिकून घेतलं तर पुढे वेळ वाचतो, तरीही लोक आधी शिकायला बसत नाहीत, हातातलं काम उरकायला लागतात. शिवाय आपल्याकडे एकाच लॉगिनवर तिघं-तिघं काम करतात. सकाळी ज्यानं दुकान उघडलं त्यानं टूर पाहिली, बाकीच्यांना पत्ताच नाही.

विंडोज ८ मध्ये नेमकं हेच झालं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं स्टार्टचं बटण काढलं, आणि माउस स्क्रीनच्या कोपऱ्यात न्या, असं सांगणारं छोटं अ‍ॅनिमेशन नवीन खातं तयार होताना दाखवलं. ऑफिसात त्या वेळी मशीनसमोर बहुतेकदा हार्डवेअरवाला असतो. ज्याला दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद करायचा होता त्याला ‘शट डाउन’ सापडेना, कारण ते उजवीकडून सरकणाऱ्या पट्टीतल्या सेटिंग्जमध्ये जाऊन बसलं होतं. वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ च्या ८.१ मध्ये, बटण परत आलं.

नव्या ग्राहकाला ‘हे काय आहे’ असा प्रश्न असतो. जुन्याला तो नसतोच. त्याला फक्त ‘माझं अमुक कुठे गेलं?’ एवढंच हवं असतं, आणि तेही ते शोधायला गेल्यावरच. म्हणून तुमचं पहिलं काम डिझाइनचं नसून यादीचं आहे: जुन्या सॉफ्टवेअरमधली प्रत्येक कृती, तिचं जुनं नाव, जुना शॉर्टकट, नवी जागा. कंटाळवाणं आहे, पण ही यादी झाली की निम्मं ऑनबोर्डिंग त्यातूनच बाहेर पडतं.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ मध्ये मेनू जाऊन रिबन, म्हणजे वरची बटणांची रुंद पट्टी, आली तेव्हा बोंबाबोंब भरपूर झाली. पण दोन गोष्टी त्यांनी फार शहाणपणानं केल्या. एक, जुन्या मेनूचं चित्र असलेलं मार्गदर्शक दिलं. त्यात सवयीनं जुन्या जागी क्लिक केलं की ती आज्ञा रिबनमध्ये कुठे आहे ते दिसायचं. दोन, एक्सेलमध्ये ऑल्ट, ई, एस दाबून पेस्ट स्पेशल उघडणाऱ्यांचा एडिट मेनू गेला, तरी त्या कळा चालू राहिल्या. मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. डोळे नवी स्क्रीन लवकर स्वीकारतात, बोटं स्वीकारत नाहीत.

तुमच्या ग्राहकांच्या जवळचं उदाहरण टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं. २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती टॅलीप्राइम आली तेव्हा स्क्रीनची मांडणी बदलली, पण पेमेंटला एफ५, रिसीटला एफ६, सेल्सला एफ८, पर्चेसला एफ९ तसंच राहिलं. दिवसभर याच कळा बडवणाऱ्या अकाउंटंटचा हात अडला नाही. क्रेडिट नोट, डेबिट नोटच्या कळा मात्र बदलल्या. त्या रोज लागत नाहीत, त्यामुळे तिथे बदल परवडतो. सोबत ऑल्ट+जी दाबून उघडणारं ‘गो टू’ दिलं, म्हणजे मेनूची वाट आठवत नसली तरी नाव टाइप करून थेट रिपोर्टवर जाता येतं. असा शोध तुम्हीही द्या, आणि त्यात जुनी नावं नक्की घाला. तुम्ही ‘पार्टी लेजर’चं ‘ग्राहक खातं’ केलं असेल, पण माणूस ‘पार्टी’च टाइप करणार. कोणी काढून टाकलेला शॉर्टकट दाबला, तर गप्प बसू नका; तिथल्या तिथे एका ओळीत सांगा की ही कळ आता अमुक आहे, आणि ते कामही करून टाका. ही ओळ दोन-चार वेळा दिसली की पुरे, नंतर ती आपोआप बंद व्हायला हवी.

‘जुन्या स्क्रीनवर परत जा’ हे बटण ठेवा, उघड दिसेल असं. मॅनेजमेंट म्हणेल, मग नवीन कोण वापरेल? वापरतात. परतीची वाट आहे म्हटल्यावर लोक धीटपणे आत शिरतात. आणि लोक कोणत्या स्क्रीनवरून माघारी गेले याची नोंद ठेवलीत, तर पुढे काय दुरुस्त करायचं ते कोणालाही न विचारता कळतं. बटण कधी काढणार ती तारीख मात्र आधीच जाहीर करा, नाहीतर दोन्ही इंटरफेस जन्मभर सांभाळत बसाल.

छापील बिलाचा फॉरमॅट याच फेरीत बदलू नका. स्क्रीन दुकानाच्या आत राहते, बिल गिऱ्हाइकाच्या आणि सीएच्या हातात जातं. त्यावरून येणारे फोन वेगळेच असतात. हेल्पलाइनवरच्या मुलांना नवी आवृत्ती ग्राहकांच्या आधी द्या. व्हिडिओ करायचे तर एका कामाचा एक, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येईल इतका छोटा. कीबोर्डशेजारी चिकटवता येईल असा बदललेल्या कळांचा एक कागदही द्या. हे अनेक डिझाइनरांना मागासलेपणाचं वाटतं, मला नाही.

राहता राहिली तारीख. महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास जीएसटीची रिटर्न्स असतात, मार्चअखेर आणि एप्रिलचा पहिला आठवडा तर विसराच. दिवाळीही सोडा. मधला एखादा मंगळवार-बुधवार बघा, आणि आधी थोड्याच, ओळखीच्या दुकानांना द्या, म्हणजे गडबड झालीच तर कोणाला फोन करायचा ते तुम्हालाही माहीत असेल.