टेक्सासचं लायसन्स, सर्टिफिकेट ऑफ मेरिट आणि बाकीचं

तुझी मेल आली तेव्हा दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो. तू विचारलंयस की ह्यूस्टनला येऊन पीई, म्हणजे लायसन्सधारक इंजिनिअर, झालो की कोणीही उठून कोर्टात खेचतं का, आणि तो सर्टिफिकेट ऑफ मेरिटचा कायदा इंजिनिअरला वाचवतो म्हणतात ते खरं का. शिवाय त्यापेक्षा न्यू जर्सी बरं का, तिकडे मावशी आहे. दोन ओळींत होईना. म्हणून हे लांबलचक पत्र.

व्हिसा, एफई ही पहिली परीक्षा, मग पीईची, त्या परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेकडून पदवीची तपासणी हे सगळं वेबसाइटवर आहे, ते तिथेच वाच. तिथे नसतं ते असं, की सीलबंद पाकिटातली मार्कशीट मागवलीस की आपल्या विद्यापीठातला माणूस आधी विचारणार, 'सीलबंद कशाला? तुम्हीच घेऊन जा ना.' घेऊन गेलास तर इथे चालत नाही. प्रत्येक विषयाचा त्या काळचा अभ्यासक्रम लागतो, आणि तो रेकॉर्ड रूममध्ये असतो, आणि रेकॉर्ड रूमची किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर असतो. माझ्या वडिलांनी त्या वयात यासाठी चपला झिजवल्या, ते अजून डोक्यातून जात नाही. त्यात रेफरन्स पीई असलेल्यांचे लागतात. पुण्यात ज्यांच्या हाताखाली मी घडलो ते इथल्या कित्येकांना शिकवतील, पण आपल्याकडे असं देशपातळीवरचं लायसन्सच नाही, त्यामुळे त्यांच्या शब्दाला इथे किंमत शून्य.

आता कायदा. टेक्सासमध्ये हा २००३ पासून आहे, सिव्हिल प्रॅक्टिस अँड रेमेडीज कोडचं प्रकरण १५०. इंजिनिअर, आर्किटेक्ट किंवा सर्व्हेयरच्या व्यावसायिक कामावरून दावा लावायचा असेल तर दाव्यासोबतच त्याच व्यवसायातल्या दुसऱ्या एकाचं ॲफिडेव्हिट जोडावं लागतं, तेच हे सर्टिफिकेट ऑफ मेरिट. तो टेक्सासचा लायसन्सधारक हवा, लायसन्स तेच हवं आणि तो प्रत्यक्ष काम करणारा हवा. नुसतं 'काम वाईट आहे' म्हणून भागत नाही. कुठे हयगय झाली आणि ती कशावरून, हे दाव्यातल्या प्रत्येक मुद्द्याखाली लिहावं लागतं. ॲफिडेव्हिट नसेल तर कोर्टाला दावा फेटाळावाच लागतो. कायमचा की पुन्हा लावायची मुभा ठेवून, एवढंच न्यायाधीशाच्या हातात. मुदत संपायला दहा दिवसच उरले असताना दावा लावला आणि वेळेअभावी ॲफिडेव्हिट झालं नाही, तर तीस दिवसांची सवलत मिळते. फीच्या वसुलीचा दावा असेल तर हे काही लागत नाही.

वकिलांनी यात वर्षानुवर्षं कीस पाडलाय. २०१४ च्या जास्टर खटल्यात घराच्या फाउंडेशनवरून मालकाने बिल्डरवर दावा लावला आणि बिल्डरने इंजिनिअरला मध्ये ओढलं. टेक्सासचं सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायद्यात 'वादी' लिहिलंय, बिल्डर वादी नाही, त्याला ॲफिडेव्हिट लागत नाही. २०१९ मध्ये विधिमंडळाने ती फट बुजवली. त्याच वेळी आणखी एक बदल झाला. आधी सही करणाऱ्याला त्या शाखेचं ज्ञान असलं की पुरे होतं, आता तो त्याच शाखेत काम करणारा लागतो. म्हणजे फाउंडेशनवाल्याविरुद्ध फाउंडेशनवालाच.

न्यू जर्सीत १९९५ चा कायदा आहे, तिथे ॲफिडेव्हिट द्यायला प्रतिवादीचं उत्तर आल्यापासून साठ दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी साठ. कॅलिफोर्नियात वकीलच लिहून देतो की मी एका तज्ज्ञाशी बोललो, आणि त्या तज्ज्ञाचं नाव सहसा बाहेर येत नाही. टेक्सासमध्ये नाव आणि सही दाव्याला चिकटून कोर्टात जाते. हा फरक मला फार महाग पडला.

इथली माती तुला नवी नाही. डॅलसकडची ब्लॅकलँड म्हणजे आपल्या काळ्या रेगुरचीच जात, आणि ह्यूस्टनची चिकणमातीही पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. एका वकिलाने असल्याच ॲफिडेव्हिटसाठी मला काही टाउनहोमची ड्रॉइंग पाठवली. सॉइल रिपोर्टमध्ये जमीन किती उचलेल तो आकडा दिलेला होता, आणि पोस्ट-टेन्शन्ड स्लॅबचं (आत ताणलेल्या केबल असलेल्या पायाच्या स्लॅबचं) डिझाइन त्याच्या पाव भागासाठी केलेलं. ड्रॉइंगवरचं सील, म्हणजे इंजिनिअरचा शिक्का, एका मराठी माणसाचं होतं. गणपतीत आम्ही एका पंगतीला जेवलेलो. ओळख आहे, असं मी वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, ओळखीने अडत नाही. आकडे समोर होते. मी सही केली, आणि आजही तीच करेन.

पण त्याची बायको रविवारच्या मराठी शाळेत माझ्या मुलीला शिकवायची. कोणी काही बोललं नाही. आम्हीच जाणं सोडलं.

मराठीवरून मुलीचं आधीच एकदा झालं होतं. शाळेच्या पहिल्या फॉर्मवर घरातली भाषा विचारतात, आम्ही अभिमानाने मराठी लिहिलं. लगेच इंग्रजीची चाचणी, आणि घडाघडा इंग्रजी बोलणारं पोर, तरी चाचणीत बिचकली म्हणून तिला वेगळ्या वर्गात बसवलं. पालक लेखी नकार देऊ शकतात हे शाळेने आम्हाला धडपणे सांगितलंच नाही. 'मराठी बोलते म्हणून मला तिकडे बसवतात' हे तिने स्वतःच ठरवलं आणि घरी इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली. उरलंसुरलं मराठी त्या रविवारच्या वर्गात टिकून होतं. आता आजीशी फोनवर 'हो' आणि 'नाही'. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे. फॉर्मवर खरंच लिही, पण नकाराचा कागद त्याच दिवशी मागून घे.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. गाडी घे, स्वयंपाक शीक, भागतं.

'भारतात निदान कोणी दावा लावत नाही' हे तुझं वाक्य मात्र पटलं नाही. तिकडे मामला फौजदारीतच जातो. २०१३ मध्ये शिळफाट्याची इमारत पडली, ७४ माणसं गेली, आणि अटक झालेल्यांत महापालिकेचे अभियंते होते. २०१९ मध्ये सीएसएमटीचा हिमालय पूल पडल्यावर ऑडिट करणारा आत गेला. डॉक्टरांवर फौजदारी करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं, पण तो निकाल डॉक्टरांपुरता. त्या मानाने टेक्सासमध्ये तुझ्यावर बोट ठेवायला आधी तुझ्याच धंद्यातला एकजण शपथेवर उभा करावा लागतो. कवच म्हणायचं तर आहे. पण ते फक्त दारात अडवतं. ॲफिडेव्हिट देणारे मिळतात, मी मिळालो तसे, आणि काम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षं तुझं सील तुझ्या मागे असतं. तेव्हा नोकरी घेताना पगाराआधी विम्याचं विचार. इथल्या बहुतेक पॉलिसी दावा येतो त्या दिवशी चालू असाव्या लागतात, काम केलं त्या दिवशी चालू होती याला अर्थ नाही. कंपनी सोडल्यावर जुन्या ड्रॉइंगचं काय, हे लेखी घे.

आणि रेफरन्ससाठी माझं नाव लिहू का, असं शेवटी विचारलंयस. नको. आपण एका कॉलेजचे असलो तरी तुझं काम मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्या कामावर मी सही करत नाही. ज्याच्या हाताखाली रुजू होशील तो पीई आहे का, हे ऑफर घेण्याआधी विचार. वर्षभराने तोच देईल.