वाचक विचारतात : अ‍ॅसिटिलीनचा बाटला आडवा ठेवला तर?

प्रश्न : कुर्ल्याला आमचा फॅब्रिकेशनचा छोटा गाळा आहे. जागा नाही म्हणून डीएचा (डिझॉल्व्ड, म्हणजे विरघळवलेल्या अ‍ॅसिटिलीनचा) बाटला आडवा ठेवतो. त्याने काय बिघडतं? आणि ऑक्सिजनचा बाटला १५० किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाने भरतात, मग डीएचा जेमतेम १५ किलोलाच का?

उत्तर : दोन्हींचं कारण एकच आहे. अ‍ॅसिटिलीनच्या रेणूत दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि त्या बंधात बरीच ऊर्जा असते. मोकळा गॅस दाबला, तर हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही तो फुटून कार्बन आणि हायड्रोजन होतो, म्हणजेच स्फोट. म्हणून डीएच्या बाटल्यात विटेसारखा सच्छिद्र माल भरून त्यात अ‍ॅसिटोन जिरवतात आणि गॅस त्यात विरघळवतात. रेग्युलेटरनंतरचा दाब मात्र १ किलोच्या आत हवा. मीटरवर पुढे लाल पट्टा दिसतो तो त्यासाठीच.

बाटला आडवा पडला की अ‍ॅसिटोन व्हॉल्व्हकडे येतं आणि गॅसबरोबर नळीत उतरतं. ज्योत बिघडते, रबर खराब होतं. टेम्पोतून आडवा आलेला बाटला लगेच जोडू नका, काही तास उभा राहू द्या. लहान बाटल्यावर मोठं कटिंग नोझल चालवलं तरी अ‍ॅसिटोन ओढलं जातं. तासाला बाटल्यातल्या गॅसच्या सातव्या भागाहून जास्त ओढू नये. काम मोठं असेल तर दोन बाटले मॅनिफोल्डवर (एका लाइनीला एकत्र जोडून) घ्या.

नळी फाटली की मध्ये तांब्याच्या पाइपचा तुकडा घालून क्लिप मारायची, हा जुगाड सर्रास दिसतो. तो तर अजिबात नको. तांब्यावर कॉपर अ‍ॅसिटिलाइड तयार होतं आणि सुकल्यावर नुसत्या घासण्यानेही त्याचा स्फोट होतो. पितळेचे जोड चालतात, पण त्यातलं तांबं ७० टक्क्यांच्या आत हवं.

टॉर्चमध्ये शिट्टीसारखा आवाज येऊन ज्योत आत गेली तर टॉर्चवरचा ऑक्सिजन आधी बंद करा, मग गॅस, मग दोन्ही बाटले. फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत मागे बाटल्याकडे जाऊ न देणारे जोड) दोन्ही लाइनींना हवेत. नंतर बाटला हाताला गरम लागला तर तो हलवायच्या फंदात पडू नका. गाळा रिकामा करा आणि १०१ ला फोन करा. आतलं विघटन तासन्‌तास चालू राहू शकतं.

प्रश्न : बारावीच्या प्रयोगात कॅल्शियम कार्बाइडपासून केलेल्या अ‍ॅसिटिलीन गॅसला लसणासारखा वास का येतो? ५ ग्रॅममधून किती गॅस मिळेल? (दादर)

उत्तर : वास फॉस्फिनसारख्या भेसळीचा. शुद्ध अ‍ॅसिटिलीनला तो नसतो. गॅस आम्लयुक्त मोरचुदाच्या द्रावणातून नेला की वास बराच कमी होतो. ६४ ग्रॅम कार्बाइडला २६ ग्रॅम गॅस, या हिशेबाने ५ ग्रॅमला दोन लिटरच्या किंचित खाली. बाजारातलं कार्बाइड शुद्ध नसतं, म्हणून दीड लिटरच धरा. फ्लास्कमध्ये तळाला वाळू, वर कार्बाइड आणि पाणी थेंबाथेंबाने. एकदम ओतलं तर काच तापून तडकते. सुरुवातीचा गॅस हवेत मिसळलेला असतो, तो जाऊ द्या. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण २ ते ९ टक्के असतानाच पेटतो. अ‍ॅसिटिलीन अडीचपासून ८० टक्क्यांपर्यंत पेटतो.

प्रश्न : आंब्याच्या पेटीत राखाडी खड्यांची पुडी निघाली. आंबे खावेत का? (मुलुंड)

उत्तर : खाऊ नका. ते कार्बाइडच असणार. ओल लागली की गॅस सुटतो आणि साल पिवळी होते, आतून फळ कच्चंच राहतं. कार्बाइडमध्ये आर्सेनिकचे अंशही असू शकतात. फळं असं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. इथिलीन गॅस १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) चालतो. तक्रार करायची असेल तर पुडी पेटीत तशीच ठेवून फोटो काढा आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. नसेल करायची, तरी ती ओल्या कचऱ्यात किंवा सिंकमध्ये टाकू नका. उघड्या गच्चीवर, आसपास विडी-काडी नाही हे पाहून, बादलीभर पाण्यात सोडा आणि रात्रभर राहू द्या. खाली उरतो तो चुना.