‘सायमीन’ हा शब्द कुठला, आणि तो मराठीत कसा लिहावा?

प्रश्न असा आहे : हवाई बेटांवरच्या ‘साइमिन’ या नूडल्सच्या सूपचं नाव मूळ हवाईयन भाषेतलं आहे का? आणि मराठीत लिहिताना सरळ ‘रामेन’ (जपानी नूडल्सचं सूप) म्हटलं तर चालेल का?

शब्द हवाईयन नाही, हे त्याच्या उच्चारावरूनच कळतं. हवाईयन भाषेत ‘स’ हा ध्वनीच नाही आणि तिथला प्रत्येक शब्द स्वरानेच संपतो. म्हणून तर ‘मेरी ख्रिसमस’चं तिथे ‘मेले कालिकिमाका’ झालं! हा शब्द हवाईयनने पचवला असता, तर ‘कायमिना’ असं काहीतरी ऐकू आलं असतं. सामोअन भाषेने तेच केलं. चायनीज ‘चॉप सुई’चं तिथे ‘सापासुई’ झालं.

मूळ कँटोनीज. ‘साय’ म्हणजे बारीक, ‘मिन’ म्हणजे गव्हाच्या नूडल्स. उसाच्या मळ्यांवर करारावर आणलेले चिनी मजूर 1852 मध्ये हवाईत पोहोचले. 1885 पासून जपानी मोठ्या संख्येने आले, पुढे कोरियन आणि फिलिपिनो. त्यांच्या एकत्र राहण्यातून हा पदार्थ घडला. नाव चिनी राहिलं. सुक्या कोळंबीचं हलकं पाणी, त्यात अंडं घातलेल्या नूडल्स, वर कामाबोको (वाफवलेल्या माशाची वडी), पातीचा कांदा, भाजलेल्या डुकराच्या मांसाचे काप, कधी चक्क स्पॅम (डबाबंद मांस)सुद्धा. असं मिश्रण हवाईतच जमू शकलं. कौआई बेटावरच्या लिहुए गावातल्या ‘हामुरा सायमीन’ या खानावळीला 2006 मध्ये अमेरिकेतल्या खाद्यक्षेत्रासाठीच्या जेम्स बिअर्ड पुरस्कारांतला ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला, आणि तो यथायोग्यच होता.

म्हणून ‘रामेन’ लिहू नये. ‘रामेन’मधला ‘मेन’ आणि आपल्या गाड्यांवरच्या ‘चाऊमीन’मधला ‘मीन’ हे याच ‘मिन’चे सख्खे भाऊ असले, तरी पदार्थ वेगळे आहेत. ‘शेवयांचं सूप’ही टाळावं, शेवया म्हटल्यावर वाचकाला खीर आठवते.

लेखनाचं म्हणाल तर ‘सायकल’प्रमाणे ‘साय’, आणि ‘मशीन’, ‘जमीन’प्रमाणे उपान्त्य इकार दीर्घ : सायमीन. माशाच्या वडीमुळे हा ‘मीन’ संस्कृतातला मासा वाटेल, पण तसा काही संबंध नाही. लिंग नपुंसक ठेवावं, कारण ‘सूप’ही नपुंसकच : ‘गरम सायमीन खाल्लं’, ‘सायमीनचं दुकान’.