जुन्या पद्मिनीला मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा बसवावा का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, मुक्काम मूर्तिजापूर तालुका. एरवी गाडी ठणठणीत चालते, पण उन्हाळ्यात वरातीत आणि चिखलदऱ्याच्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. मग मारुती ८०० चा इलेक्ट्रिक पंखा लावावा, आहे तोच पंखा जास्त पात्यांचा घ्यावा, की दोन्ही ठेवावेत?

भाऊ, पंख्याला पैसे देण्याआधी गाडी नेमकी कधी तापते ते पाहा. ६०-७० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीला पंखा लागतच नाही, समोरचा वारा रेडिएटरला पुरतो. मूर्तिजापूरहून अकोल्याला जाताना सपाट रस्त्यावर काटा चढत असेल, तर कितीही मोठा पंखा लावा, काही फरक पडणार नाही. तिथे दोष रेडिएटरच्या आत, थर्मोस्टॅटमध्ये (इंजिनचं पाणी तापल्यावर रेडिएटरकडे सोडणारी झडप) नाहीतर ठिणगीच्या टायमिंगमध्ये शोधायचा. पण गाडी उभी असताना किंवा माणसाच्या चालीने सरकताना तापत असेल आणि वेग घेतला की काटा उतरत असेल, तर हवा कमी पडते आहे हे नक्की. वरातीत हेच होतं. पद्मिनीचा पंखा पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर, बेल्टने फिरणारा. इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता संथ फिरत असलं की पंखाही रेंगाळणार, समोर बँडवाले आणि नाचणारे भाचे-पुतणे, आणि नवतपात रात्री नऊलासुद्धा डांबरातून निघणाऱ्या झळा.

घाटाचं गणित वेगळं आहे. तिथे दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोरात फिरतं, म्हणजे पंखाही जोरात फिरतो, तरीही गाडी तापते. म्हणून तुमच्या बाबतीत मी पंख्याइतकाच संशय रेडिएटरवर घेईन, कारण तुम्ही राहता खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीतलं पाणीच खारं. मीही दर्यापूरकडचाच. आमचे म्हातारे मिस्त्री कोणतीही तापणारी गाडी आली की बॉनेट उघडायच्या आधी विचारतात, "पंख्याचं मंग पाहू, पह्यले सांग, पानी कोनतं टाकतं?" बोअरचं खारं पाणी वर्षानुवर्षं टाकलं की नळ्यांत क्षारांचा थर बसतो, आणि पद्मिनीचं हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असल्यामुळे त्यातलं क्लोराईड ते आतून खात राहतं. तसं हेड तापून वाकलं की त्याखालचं गॅस्केटही (सांधा बंद ठेवणारा पातळ थर) जातं, मग खर्च पंख्याच्या कितीतरी पट होतो.

रेडिएटर तपासायची सोपी रीत आहे. इंजिन चांगलं गरम करून बंद करा आणि जाळीवरून जपून हात फिरवा. मध्येच गार पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. मग रेडिएटरवाल्याकडे नेऊन टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, आणि पुढे कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचंच मिश्रण वापरा. कॅपचं रबर आणि स्प्रिंगही बघा, कारण दाबामुळेच पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. बाहेरून जाळीत अडकलेली रुई, गवताचं बी, किडे काढायचे असतात. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने जाणाऱ्या गाडीत हा कचरा हमखास सापडतो. पाणी मारायचं ते इंजिनकडून बाहेरच्या बाजूला, आणि बेताच्या दाबाने, नाहीतर फिन्स, म्हणजे जाळीचे पातळ पत्रे, आडव्या होतात.

एवढं करूनही वरातीत गाडी तापलीच तर पंख्याकडे वळू.

पहिला खर्च मी पंख्यावर नाही, श्राउडवर करेन. पंख्याभोवतीचं पत्र्याचं कडं नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची, इंजिनची गरम हवाच पुन्हा पुन्हा घुसळत बसतो. पात्याची अर्धी रुंदी कड्याच्या आत, अर्धी बाहेर, आणि पात्याच्या टोकापासून कड्यापर्यंत साधारण पाऊण इंच मोकळं ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं, त्यामुळे याहून घट्ट बसवलं तर पाती पत्र्याला घासतील. गावातला कोणताही चांगला पत्रेवाला हे करून देतो. बेल्ट ढिला असेल तर तोही ताणा. ढिला बेल्ट पंखा आणि पंप दोघांनाही मागे ठेवतो.

जास्त पात्यांचा पंखा आयडलवर थोडी जास्त हवा ओढतो, हे खरं. पण पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी ताकद आठपट होते, म्हणजे हायवेवर गरज नसताना तो इंजिनची ताकद खात राहणार, आवाज करणार, आणि जड असेल तर पंपाच्या बेअरिंगवर भार टाकणार. जुना लोखंडी पंखा घेतलात तर रिव्हेटपाशी बारीक तडा नाही ना, ते उन्हात धरून बघा. सुटलेलं पातं सरळ रेडिएटरमध्ये घुसतं.

आता इलेक्ट्रिक. त्याचा मोठा गुण हा की इंजिन आयडलवर असलं तरी तो पूर्ण वेगाने फिरतो, म्हणजे वरातीला अगदी हवा तसा. पण त्याला वीज कोण देणार? बॉनेट उघडून बेल्टवर फिरणारा, वीज बनवणारा भाग बघा. लांबट, नळकांड्यासारखा असेल तर डायनॅमो, आखूड-जाडा आणि अंगाला झरोके असलेला असेल तर अल्टरनेटर. लहान गाडीचा पंखा ८० ते १२० वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर ७ ते १० अँपिअर खातो, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. हेडलाईटचे दोन ५५ वॅटचे बल्ब आणखी ९ अँपिअर. डायनॅमो आयडलवर जवळजवळ काहीच देत नाही, म्हणजे हा सगळा बोजा बॅटरीवर. नवरदेव मांडवात पोचेल, पण परतीला गाडीला धक्का मारावा लागेल. डायनॅमो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, नाहीतर श्राउडवरच थांबा.

अल्टरनेटर असेल तर मात्र मारुतीचा पंखा खुशाल लावा. जागा मोजून घ्या: बेल्टवरचा पंखा काढल्यावर पुली आणि रेडिएटर यांच्यात किती उरते आणि मोटरसकट पंख्याची जाडी किती. बसत असेल तर तो रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा म्हणूनच लावा. पुढे लावलेला पंखा थोडी कमी हवा देतो आणि धावत्या गाडीचा वाराही अडवतो. जागाच नसेल आणि पुढेच लावावा लागला, तर पाती रेडिएटरकडे येतील असा उलटवून बसवताना नुसत्या वायरी फिरवून भागत नाही. हवेची दिशा बदलते, पण पात्याचा बाक उलटा पडून जोर कमी होतो. अशा वेळी पातं दांड्यावर पालथंही करावं लागतं. खात्रीसाठी ग्रिलपुढे वर्तमानपत्राचा कागद धरा, तो आत ओढला गेला पाहिजे.

जाळीतून प्लास्टिकचे टाय ओवून पंखा बांधणारे कारागीर भेटतील. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. हादऱ्याने टाय घासतो आणि नळी फुटते. लोखंडी पट्ट्यांची चौकट करून ती रेडिएटरच्या बोल्टवर बसवायची.

वायरिंगमध्ये कंजुसी करू नका. ३० अँपिअरचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आणि इंजिनच्या अंगावर नीट घासून बसवलेली अर्थिंग. पाण्याच्या तापमानावर पंखा चालू-बंद करणारा थर्मोस्विच ९२ अंशांना चालू आणि ८७ ला बंद होणारा सहज मिळतो, तो रेडिएटरच्या वरच्या रबरी होजमध्ये जोडतुकडा टाकून बसवता येतो. पण तुमचा थर्मोस्टॅट किती अंशांना उघडतो ते आधी बघा. पंखा बंद होण्याचा आकडा त्याच्या वरच हवा, नाहीतर तो थांबणारच नाही. याशिवाय डॅशबोर्डखाली हाताने चालू करायचं एक बटण ठेवा. आडरानात थर्मोस्विच गेला तर तेच घरी आणतं. आणि स्विचला वीज थेट बॅटरीवरून दिली असेल तर इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो, तेव्हा बॉनेटखाली हात घालण्याआधी वायर काढा.

"दोन्ही ठेवू का" याला माझं उत्तर नाही असं आहे. काढलेला जुना पंखा आणि त्याचे बोल्ट मात्र डिकीत असू द्या. धारणी-परतवाड्याच्या मध्ये मोटर जळली तर पान्याने अर्ध्या तासात तो परत चढवता येतो. बेल्ट तुटला तर मात्र पंपच थांबतो, तिथे इलेक्ट्रिक पंखा काही कामाचा नाही, म्हणून एक जादा बेल्टही सोबत ठेवा.

अल्टरनेटर आहे की डायनॅमो ते पाहून खाली कळवा, आणि जमलं तर पुली ते रेडिएटर हे अंतर इंचांत. मग कोणता पंखा बसेल ते नेमकं सांगता येईल.