उबुंटूवर ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) फ्लॅश करताना, म्हणजे त्यात प्रोग्राम टाकताना, सिरियल पोर्टला 'परमिशन डिनाइड' येतं, सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) न वापरता कसं सोडवायचं?

बोर्ड ठीक आहे, केबलही ठीक आहे. पोर्टची फाइल (टीटीवाययूएसबी०) रूट (ॲडमिन युजर) आणि 'डायलआउट' ग्रुपच्या मालकीची असते आणि तुमचा युजर त्या ग्रुपमध्ये नाही, एवढंच. डेबियन, उबुंटू, रास्पबेरी पाय ओएस या सगळ्यांवर हाच ग्रुप. आर्चवर मात्र 'यूयूसीपी'.

युजरमॉड कमांडने स्वतःला डायलआउटमध्ये घाला. इथे नीट लक्ष द्या: कमांडच्या पर्यायांत मोठ्या जी सोबत छोटा ए हवाच. तो राहिला तर तुम्ही बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून, म्हणजे सुडोमधूनही, बाहेर पडता आणि मग दुरुस्तीसाठी रिकव्हरी मोड गाठावा लागतो. त्यापेक्षा 'ॲडयुजर', पुढे तुमचं नाव, पुढे डायलआउट, हे सुरक्षित. नंतर पूर्ण लॉगआउट करून परत या. नुसतं नवं टर्मिनल उघडून भागत नाही.

सीएचमॉड ६६६ (पोर्टची फाइल सगळ्यांना खुली करणारी कमांड) करू नका. बोर्ड काढून परत लावला की परवानगी पुन्हा पहिल्यासारखी होते. ईएसपीहोम (ईएसपी बोर्डांसाठी फर्मवेअर बनवणारं साधन) सुडोने चालवलंत तर बिल्डच्या फाइली रूटच्या नावावर जातात आणि पुढचं प्रत्येक कंपाइल अडतं.

पोर्ट दिसून लगेच गायब होत असेल तर प्रश्न परवानगीचा नाही. उबुंटू २२.०४ वर ब्रेल डिस्प्लेसाठीची 'बीआरएलटीटीवाय' ही सेवा सीएच३४० या यूएसबी-सिरियल चिपलाच ब्रेल यंत्र समजून ताबा घेते. डीमेसेगमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) तिचं नाव दिसेल. घरात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तरच ते पॅकेज काढा.