वर्कग्रुपमधल्या १२ डेस्कटॉपची लॉगिन सुरक्षा, सर्व्हर न घेता

ऑफिसात वर्कग्रुपमध्ये, म्हणजे मध्यवर्ती सर्व्हरशिवाय नुसते एकमेकांना जोडलेले, विंडोज ११ प्रोचे १२ डेस्कटॉप, सगळ्यांवर एकच ॲडमिन पासवर्ड, सर्व्हर घ्यायचा नाही, मग सुरुवात कुठून, असं तुम्ही विचारलंय.

सुरुवात त्या एका पासवर्डापासूनच. तो कितीही अवघड असला तरी उपयोग नाही. एका मशीनमध्ये व्हायरस शिरला की तो पासवर्डाचा हॅश, म्हणजे विंडोज पासवर्डाऐवजी साठवतं ती सांकेतिक खूण, उचलतो आणि तोच दाखवून बाकीच्या ११ मशीन उघडतो. खरा पासवर्ड त्याला लागतच नाही. विंडोजबरोबर आलेलं ॲडमिनिस्ट्रेटर खातं यात सगळ्यात वाईट, कारण ते नेटवर्कवरूनही पूर्ण अधिकारांनिशी आत येतं. आपण नंतर बनवलेल्या लोकल ॲडमिन खात्याचे अधिकार नेटवर्कवरून येताना विंडोज छाटतं. म्हणून प्रत्येक मशीनवर वेगळ्या पासवर्डाचं नवं ॲडमिन खातं करा, त्यातून एकदा लॉगिन होतंय ना ते बघा, आणि मगच मूळ खातं डिसेबल करा. उलट क्रमाने केलंत तर स्वतःच बाहेर राहाल. पासवर्ड आपोआप बदलणारी लॅप्स ही मायक्रोसॉफ्टची सोय डोमेन (सर्व्हरवरून चालणारी मध्यवर्ती खाती) किंवा एन्ट्रा (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खाती) यांशिवाय चालत नाही, तेव्हा पासवर्ड मॅनेजर वापरा.

रोजच्या कामाला सगळ्यांना स्टँडर्ड युजर, म्हणजे ॲडमिन अधिकार नसलेलं खातं. 'अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर ॲडमिनशिवाय चालत नाही' हे ऐकायला मिळेलच. बहुतेकदा त्याला फक्त आपल्या फोल्डरात लिहायचं असतं. त्या फोल्डरवर त्या युजरना मॉडिफाय परवानगी द्या.

लोकल सिक्युरिटी पॉलिसीत अकाउंट लॉकआउट, म्हणजे चुकीच्या पासवर्डांनंतर खातं लॉक होणं, १० चुकांना, १५ मिनिटांसाठी ठेवा. बरेच जण ३ ठेवतात आणि पस्तावतात. शेअर्ड फोल्डर ज्या मशीनवर आहे तिथला पासवर्ड बदलला, पण दुसऱ्या मशीनच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज पासवर्ड जपून ठेवतं तिथे) जुनाच राहिला, तर त्या फोल्डरला जोडलेला मॅप केलेला ड्राइव्ह तोच जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा पाठवतो आणि खातं सकाळपासून लॉक. माणूस शपथेवर सांगतो, मी काही टाइपच केलं नाही, आणि खरंच केलेलं नसतं! शेअर्ड फोल्डरच्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या नोंदीचा नंबर, शोधा. चुकीचा पासवर्ड कुठल्या मशीनवरून येतोय ते त्यात दिसतं.

लोकल सिक्युरिटी पॉलिसीतच सिक्युरिटी ऑप्शन्समध्ये मशीन इनॅक्टिव्हिटी लिमिट ६०० सेकंद करा, म्हणजे तेवढा वेळ कोणी हात लावला नाही तर स्क्रीन आपोआप लॉक होते.

राउटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून मशीन वापरण्याचा) बाहेरून उघडा असेल तर आजच बंद करा. नुसता नंबर बदलून भागत नाही, स्कॅनरला तो सापडतो. घरून काम हवं असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणी.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय. तो नसेल तर पेनड्राइव्हवरून बूट करून कोणीही विंडोजचा पासवर्ड बदलू शकतो, वरची सगळी मेहनत वाया. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की छापून कपाटात ठेवा, त्याच मशीनच्या डेस्कटॉपवर नको. बायोस अपडेट करण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या बूटला तीच की मागेल.